रामकुंडाच्या गल्लीत तीस हजार ठिपके : कुंभमेळ्याआधी आभासी माणसांची रंगीत तालीम

(कानाने ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

 

आज एक चित्र डोळ्यांसमोर आणायचंय. मोबाइलच्या स्क्रीनवर एका गल्लीचा नकाशा आहे. वरून पाहिलेला, अगदी साधा. गल्लीत छोटे छोटे ठिपके सरकतायत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. ठिपके हिरवे आहेत तोवर सगळं ठीक. गर्दी दाटली की ते पिवळे होतात, मग केशरी, मग लाल. तुम्ही बोटाने एका ठिकाणी बॅरिकेड टाकता आणि दोन मिनिटांत मागची अख्खी गल्ली लाल होते. तुम्ही म्हणता, "अरेच्चा, चुकलं," बॅरिकेड काढता आणि पुन्हा पहिल्यापासून चालू करता.

स्क्रीनवर चुकलं तर पुन्हा सुरू करता येतं. खऱ्या गल्लीत येत नाही. आजचा विषय एवढाच आहे: माणसांच्या गर्दीची तालीम कॉम्प्युटरमधल्या आभासी माणसांवर कशी घेतात, त्यातून काय कळतं, आणि काय कळत नाही. आणि हे नाशिकमधून का बोलायचं, तर त्याला कारण आहे.

२७ ऑगस्ट २००३

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. सिंहस्थ कुंभमेळा चालू होता. त्या दिवशी शाही स्नान होतं, म्हणजे आपल्या नाशिकच्या भाषेत पर्वणी. साधूंच्या आखाड्यांनी आधी स्नान करायचं आणि मग बाकीच्यांनी, असा क्रम असतो. म्हणून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर भाविकांना बॅरिकेडमागे थांबवून ठेवलं होतं. तेव्हाच्या बातम्यांमध्ये आकडा आला तो तीस हजारांहून जास्त लोकांचा. मिरवणुकीतून कुणीतरी नाणी उधळली, ती उचलायला लोक वाकले, पुढे रेटा आला, असंही बातम्यांत आलं. त्या दिवशी ३९ माणसं गेली. शंभरहून जास्त जखमी झाली.

सरदार चौकाचं नाव तेव्हापासून नाशिककरांच्या लक्षात राहिलंय. काळाराम मंदिराच्या बाजूने गंगेवर उतरताना तो भाग लागतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, गोदावरीला आम्ही 'गंगा'च म्हणतो. नाशिकच्या कुठल्याही आजीला विचारा, "पर्वणीच्या दिवशी गंगेवर जाऊ का?" आणि उत्तर काय येतं बघा.

आता थोडं गणित करू. तीस हजार माणसं दाटीने उभी राहिली, एका चौरस मीटरमध्ये चार, तर त्यांना साडेसात हजार चौरस मीटर जागा लागते. म्हणजे फुटबॉलच्या एका पूर्ण मैदानापेक्षा थोडी जास्तच. हीच माणसं सहा मीटर रुंदीच्या रस्त्यावर उभी केली, तर रांग सव्वा किलोमीटर लांब होते. सगळ्यात मागच्या माणसाला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, ऐकूही येत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की रांग हलत नाहीये.

आणि एक गैरसमज आधीच दूर करू. 'चेंगराचेंगरी' म्हटलं की आपल्याला वाटतं, लोक पळाले आणि पायाखाली माणसं तुडवली गेली. पुष्कळदा तसं नसतं. माणसं उभ्या उभ्या जातात. चारही बाजूंनी इतका दाब येतो की छाती फुगायला जागाच उरत नाही आणि श्वास थांबतो. पळायला तिथे जागाच नसते. म्हणून 'लोक घाबरले, पळाले, म्हणून झालं' हे स्पष्टीकरण बहुतेक वेळा अर्धवट असतं. खरा प्रश्न असा विचारायला हवा: एवढ्या जागेत एवढी माणसं आलीच कशी?

आभासी माणूस म्हणजे नक्की काय?

गेम खेळणाऱ्यांना हे पटकन कळेल. गेममध्ये रस्त्यावर इकडे-तिकडे फिरणारी माणसं असतात ना, ज्यांना कुणी खेळाडू चालवत नसतो, ती आभासी माणसंच. सिनेमातही आहेत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या लढायांत जे हजारो सैनिक दिसतात, त्यांच्यासाठी स्टीफन रेगेलस यांनी 'मॅसिव्ह' नावाचं सॉफ्टवेअर बनवलं. प्रत्येक सैनिकाला स्वतःचा छोटासा मेंदू दिला. आजूबाजूला काय आहे ते बघ आणि त्याप्रमाणे वाग.

नियोजनासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात, त्याची कल्पना तीच आहे, फक्त तिथे माणूस दिसायला कसा आहे याला किंमत नाही. तो चालतो कसा याला किंमत आहे. १९९५ मध्ये डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार या दोन शास्त्रज्ञांनी एक सोपी मांडणी केली. चालणाऱ्या माणसावर जणू तीन बळं काम करतात. एक, जिथे जायचंय ती जागा त्याला ओढते. दोन, आजूबाजूची माणसं त्याला थोडं दूर ढकलतात, कारण आपण कुणाला उगाच चिकटून चालत नाही. तीन, भिंती आणि कठडे त्याला दूर ढकलतात. बस्स. हे तीन नियम हजारो ठिपक्यांना दिले की गंमत दिसते: समोरासमोर येणारे ठिपके आपोआप वेगवेगळ्या रांगा धरून चालायला लागतात, जसं आपण रविवार कारंज्यावर किंवा मेन रोडला चालतो. त्यांना कुणी तसं शिकवलेलं नसतं.

२००० साली हेल्बिंग यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर आणखी एक गोष्ट दाखवली. दारातून बाहेर पडायची सगळ्यांनाच घाई झाली, तर दार रिकामं व्हायला उलट जास्त वेळ लागतो. घाईमुळे खांद्याला खांदा अडतो आणि दारात माणसांची कमान तयार होते. धान्याच्या पोत्याचं तोंड लहान असेल तर जोरात हलवूनही दाणे अडकतात, तसंच.

गल्लीचं गणित

इंग्लंडमध्ये खेळाच्या मैदानांसाठी एक सुरक्षा मार्गदर्शिका आहे. ती सांगते की सपाट रस्त्यावर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं जातील असं धरा. जिना असेल तर ६६ धरा.

समजा आपली गल्ली चार मीटर रुंद आहे. म्हणजे मिनिटाला ३२८ माणसं. तासाला वीस हजारांच्या आत. एक लाख लोकांना तिथून न्यायचं तर सलग पाच तास हवेत, आणि तेसुद्धा कुणीही मध्ये थांबलं नाही तर.

आता समजा, मागून मिनिटाला ४५० माणसं येतायत. म्हणजे दर मिनिटाला १२२ जास्त. फार वाटत नाही ना? दहा मिनिटांत ती १,२२० होतात. चौरस मीटरला चार या हिशोबाने चार मीटरच्या गल्लीची जवळपास ७५ मीटर लांबी ठासून भरली. तेही फक्त दहा मिनिटांत. कुणी ढकललं नाही, कुणी अफवा पसरवली नाही, कुणी पळालं नाही.

चौरस मीटरला एक-दोन माणसं असताना आपण आपल्या मर्जीने चालतो. चारच्या पुढे पाय अडखळतात. सहा-सातच्या पुढे गर्दी पाण्यासारखी वागते. एका ठिकाणचा धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि तुमचं शरीर तुमच्या ताब्यात राहत नाही. सॉफ्टवेअरमधला लाल रंग म्हणजे हीच जागा.

मग याचा उपयोग काय करतात?

पहिला उपयोग नियोजनाचा. नकाशा भरायचा: गल्ल्यांची रुंदी, उतार, पायऱ्या, पूल, कठडे. मग माणसं सोडायची, काही तरुण, काही म्हातारी, काही मुलांना घेऊन. आणि विचारायचं, "असं केलं तर?" जायचा आणि यायचा रस्ता वेगळा ठेवला तर? होळकर पूल एकाच दिशेने चालवला तर? नाशिकरोड स्टेशनवर दोन गाड्या पाठोपाठ आल्या तर? एकच प्रसंग शेकडो वेळा चालवतात, कारण माणसं दर वेळी अगदी तशीच वागत नाहीत. दहा आराखड्यांपैकी कुठला वारंवार लाल होतो, ते बघतात आणि तो बाजूला ठेवतात.

दुसरा उपयोग प्रशिक्षणाचा. विमान चालवायला शिकणारा आधी सिम्युलेटरवर बसतो, तसंच. नियंत्रण कक्षात बसणाऱ्या अधिकाऱ्यासमोर आभासी गर्दी सोडायची आणि त्याला निर्णय घ्यायला लावायचे. गर्दी वाढतेय, आता काय? गाडगे महाराज पुलाकडून येणारे लोक थांबवायचे? मग ते थांबलेले लोक उभे कुठे राहणार? यातून एक धडा पक्का बसतो: गर्दी जिथे लाल झाली तिथे ती थांबवायची नसते, दोन किलोमीटर मागेच थांबवायची असते. पुढे थांबवलं तर मागचे येतच राहतात. सरदार चौकाचा इतिहास हेच सांगतो. आणि हे पुस्तकात वाचून तितकं समजत नाही, जितकं स्वतःच्या निर्णयाने स्क्रीन लाल झालेली पाहून समजतं.

आता थांबा. कॉम्प्युटर म्हणेल ते खरं?

नाही. आणि आजच्या भागात मला हेच सगळ्यात जास्त सांगायचंय.

आभासी माणसाला तुम्ही जे सांगाल तेवढंच कळतं. २००३ च्या त्या गल्लीचं उत्तम सिम्युलेशन केलं असतं, तर दाटी दिसली असती. पण नाणं दिसल्यावर वाकणारा माणूस दिसला असता का? त्या ठिपक्याला 'नाणं' ही गोष्टच माहीत नाही. प्रसाद माहीत नाही. चप्पल सुटली तर मागे वळायचं, हे माहीत नाही. आजीचा हात सुटला की नातू प्रवाहाच्या उलटा फिरतो, हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं.

शिवाय तो ठिपका कुठला आहे हेही महत्त्वाचं. २००९ मध्ये भारतीय आणि जर्मन संशोधकांनी मिळून एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्हीकडे माणसांना सारख्याच एका बंद वाटेत एकामागे एक चालायला लावलं. दिसलं असं की भारतीय माणसं एकमेकांच्या जास्त जवळून चालतात आणि दाटी वाढली तरी त्यांचा वेग जर्मनांइतका कमी होत नाही. म्हणजे जर्मन माणसाच्या आकड्यांवर पंचवटीचा आराखडा केला, तर उत्तर चुकणार.

म्हणूनच इथली मोजमापं लागतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने नेदरलँड्स आणि रशियाच्या संशोधकांबरोबर २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात प्रत्यक्ष गर्दीचा अभ्यास केला. आणि त्याच्या आदल्या वर्षी आपल्या नाशिकमध्ये काय झालं ते तर अभिमानाने सांगायला हवं. मूळचे नाशिकचे असलेले एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने इथे 'कुंभथॉन' भरलं. त्यात निलय कुलकर्णी हा नाशिकचा शाळकरी मुलगा होता. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी 'आशियोतो' नावाची चटई बनवली. जपानी भाषेत त्याचा अर्थ पावलांचा आवाज. चटईवरून माणसं चालत जातात, पावलांचा दाब मोजला जातो आणि किती लोक गेले ते लगेच कळतं. २०१५ च्या कुंभात ती प्रत्यक्ष वापरून पाहिली गेली. भारी सॉफ्टवेअर असो की नसो, दर मिनिटाला किती माणसं आत जातायत हा आकडाच नसेल, तर बाकी सगळं अंदाजपंचे.

२०१५ चा कुंभ चेंगराचेंगरीशिवाय पार पडला. पण त्यातही शिकण्यासारखं होतं. पहिल्या पर्वणीला, २९ ऑगस्टला, बंदोबस्त आणि बॅरिकेडिंग इतकं कडक होतं की लोकांना लांबवर पायपीट करावी लागली आणि त्यावर बरीच टीका झाली. १३ सप्टेंबरच्या पर्वणीला बंधनं सैल केली गेली. म्हणजे रिकामा रस्ता हे यश नाही. माणूस सुखरूप पोचला, स्नान झालं, सुखरूप परतला, तर यश.

त्याच सप्टेंबरमध्ये, २४ तारखेला, सौदी अरेबियात मक्केजवळ मिना इथे हज यात्रेत चेंगराचेंगरी झाली. अधिकृत आकडा ७६९ मृत्यूंचा. तिथला जमारात पूल २००६ च्या दुर्घटनेनंतर गर्दीचा शास्त्रीय अभ्यास करूनच नव्याने, अनेक मजली बांधला होता. २०१५ ची दुर्घटना पुलावर झालीच नाही. ती पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या एका तिठ्यावर झाली. घाटाचा नकाशा उत्तम केला म्हणजे झालं, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. धोका घाटावरून उठून मालेगाव स्टँडला जाऊन बसू शकतो.

नाशिकचा ठिपका वेगळा का?

प्रयागला नदीचं मोकळं वाळवंट असतं, तिथे तंबूंचं अख्खं शहर उभं राहतं. तरीही २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे तिथे चेंगराचेंगरी झालीच. आपल्याकडे तर रामकुंड जुन्या गावाच्या पोटात आहे. तपोवनातून निघालेली मिरवणूक आणि बाजूच्या गल्ल्यांतून येणारे भाविक एकाच ठिकाणी उतरतात. त्र्यंबकला आणखी कठीण, कारण तिथलं कुशावर्त हे तर एक छोटं कुंड आहे.

आणि आपला कुंभ भर पावसाळ्यात येतो. पाऊस आला की माणूस चालत नाही, आडोसा शोधतो. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर हेच झालं. पावसामुळे लोक पुलाच्या जिन्यावर थांबले, मागून लोकलमधून माणसं येत राहिली, २३ जण गेले. तेव्हा आपल्या ठिपक्याला पाऊस शिकवायला हवा. आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटच आकसतो. पाणी कुठवर आलं हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. मला विचाराल तर ही नाशिकची सगळ्यात जुनी मोजपट्टी आहे. मारुतीच्या कमरेला पाणी असताना घाटावर किती जागा उरते, हे त्या सॉफ्टवेअरमध्ये भरलंच पाहिजे. आणि ते सांगू शकेल तो तिथला पुजारी, फुलवाला, नावाडी. कोड लिहिणारा नव्हे.

आपण काय करायचं?

जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार पुढची अमृत स्नानं २ ऑगस्ट २०२७ आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला आहेत. तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकला १२ ला. नियोजनासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण स्थापन झालंय. मोठे निर्णय तिथे होतील. पण आपल्या हातातही काही गोष्टी आहेत.

इंजिनिअरिंगची मंडळी, हे सॉफ्टवेअर फक्त श्रीमंत कंपन्यांकडे असतं असं नाही. जर्मनीत तयार झालेली 'ज्यूपेडसिम' आणि 'वाडेरे' ही दोन साधनं फुकट आणि खुली आहेत. लॅपटॉपवर चालतात. आपल्या कॉलेजचा जिना, गणपती मिरवणुकीचा चौक, काहीही घ्या. टेप घेऊन जा, रुंदी मोजा, मिनिटाला किती माणसं जातात ते मोजा आणि चालवून बघा. तुमचा आकडा आणि सॉफ्टवेअरचा आकडा जुळला नाही, तर उत्तम. कुठे जुळला नाही ते शोधणं हाच अभ्यास.

स्वयंसेवक म्हणून जाणार असाल, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. गर्दी पुढे अडवू नका, मागे कळवा. मागच्या लोकांना पुढे काय चाललंय ते सतत सांगत राहा, रांग का थांबली हे कळलं की माणूस रेटत नाही. आणि अरुंद वाटेत काहीही वाटू देऊ नका, प्रसाद नाही, पाणी नाही, काही नाही.

आणि नुसते भाविक म्हणून जाणार असाल, तर: चुकामूक झाली तर भेटायची जागा घरूनच ठरवून निघा. चारही बाजूंनी माणसं टेकायला लागली की तीच निघायची वेळ, आणखी पुढे जाऊन बघू नका. अडकलात तर हात छातीसमोर घ्या, श्वासाला जागा ठेवा. लाटेविरुद्ध जोर लावू नका, ती ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरका. आणि खाली काहीही पडू दे, मोबाइल पडू दे, नाणं पडू दे, वाकू नका.

स्क्रीनवरच्या ठिपक्याला पुन्हा पहिल्यापासून चालवता येतं. ती ३९ माणसं ठिपके नव्हती. कुणी आईला घेऊन आलं होतं, कुणी नवस फेडायला. त्यांच्यासाठी ही तालीम उशिरा आली. २०२७ साठी अजून वेळ आहे.

हा भाग आवडला असेल तर घरातल्या ज्या कुणाचा पर्वणीला जायचा बेत आहे, त्यांना नक्की ऐकवा. आजीला हेडफोन नको असतील तर वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!